त्रेचाळीस अंश

कोल्हापूर,
१३ सप्टेंबर २००८

ती. दादास,

जय जिनेंद्र. मी बरी आहे. तू दिवस मावळायच्या आत जेवतोस का, की वहिनी नाही म्हणून कारखान्यातच चहा-बिस्किटावर भागवतोस? तुझे माग बंद पडले तर चालतील, तू पडू नकोस.

माझा प्रबंध टायपिंगला गेला आहे. सर खूश आहेत. मला मात्र त्याच्याकडे बघवत नाही.

फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून लिहिते आहे. आई गेल्यावर तू सगळ्यांसमोर त्रिशलावहिनीला म्हणालास, "एका घरात ऱ्हाऊन तुला गाठ दिसली न्हाय?" ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. मीही तिथेच उभी होते, दादा. मीही काही बोलले नाही.

गेल्या पर्युषणात आई माझ्या खोलीवर आली होती. मी दिवसभर काय करते, असं तिनं विचारलं. तिचे केस विंचरता विंचरता मी सांगितलं: लोखंडाचे डोळ्यांना न दिसणारे कण उंदराच्या गाठीत सोडायचे, बाहेरून चुंबकानं ते तापवायचे, त्रेचाळीस अंशांवर ठेवायचे. गाठ मरते. सोबत एक औषध दिलं की शरीराचे स्वतःचे रखवालदार जागे होतात आणि दुसरीकडच्या गाठींच्याही मागे लागतात. काही उंदरांत उजव्या पायाची गाठ तापवली, तर डाव्या पायाचीही विरघळली होती. आईनं आधी मेलेल्या उंदरांची चौकशी केली आणि त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी उपवास धरला. मग म्हणाली, "म्हंजे एकीला शेकलं की बाकीच्या आपसूक जात्यात?"

मी म्हटलं, तसंच काहीसं. तिला पटकन समजलं याचंच मला कौतुक वाटलं. आधी कण, मग औषध, आणि हे सगळं अजून फक्त उंदरांत, हे पुन्हा सांगायचा मी कंटाळा केला.

जानेवारीत तिचा फोन आला. "घरातल्या थर्मामीटरात बेचाळीसच्या फुडं आकडंच न्हाईत गं." मी हसले आणि पुढच्या रविवारी प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर नेऊन दिला. कशाला हवा, हे विचारलं नाही. मला परतीची एसटी गाठायची होती.

सामायिकाला, ध्यानाला बसायच्या आधी देवघराचं दार लावून ती मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून छातीवर धरायची. थर्मामीटर बघून. सात महिने, रोज. वहिनीनं पोळलेली कातडी पाहिली होती. डॉक्टरकडे चला म्हणून ती दोनदा मागे लागली. आई म्हणाली, "आदितीला इचारलंय." तुला सांगायचं नाही, अशी शपथही घातली. पोरीला इतकं शिकवलंय, ती सांगेल ते खरं, असं वहिनीलाही वाटलं. हे तिनं मला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. तुला सांगितलं नाही. तू इतकं बोललास तरी माझं नाव तिनं घेतलं नाही.

शेवटच्या आठवड्यात तू औषधं आणायला गेला होतास, तेव्हा आईनं माझा हात धरला. "शेक द्यायचा चुकला काय गं माझा? कधी कधी चव्वेचाळीस व्हायचं."

मी म्हटलं, "न्हाई आई, बरोबरच होता." त्यावर तिला झोप लागली. ते बोलणं मला रोज ऐकू येतं.

तिच्या पेटीत तो थर्मामीटर मला सापडला, जुन्या लुगड्याच्या घडीत, जपून ठेवलेला. माझ्याजवळ आहे.

क्षमावणी तीन दिवसांवर आली. दरवर्षी आपण हात जोडून म्हणतो, कळत-नकळत काही चुकलं असेल तर. या वर्षी मला तसं म्हणता येणार नाही. माझं काय चुकलं ते मला ठाऊक आहे. ती क्षमा आधी वहिनीकडे मागायची आहे. तिला घरी घेऊन ये, दादा. मी उंबऱ्याबाहेर उभी राहीन. ती म्हणाली तरच आत येईन.

आईनं जिला विचारलं होतं, ती

आदिती