मागची कोरडी चेन

३ मार्च, सोमवार
डोळ्यांच्या डॉक्टर बाई म्हणाल्या, बाजूची नजर गेली. उरली ती समोरची, नळीतून पाहावं तेवढी. सायकल बंद करा. मी म्हटलं, सायकल पुढेच जाते, बाजूला नाही. त्या हसल्या नाहीत.
निश्चय: सायकल चालवायचीच, पण सुरक्षित. हेल्मेट, भडक जाकीट, आरसा. सायकल सुटली की मला दुकानात रोज कुणीतरी पोचवणार. म्हणजे मी माणूस नाही, पार्सल.

५ मार्च
आरसा बसवला. त्यात बघायला मान वळवावी लागते, आणि मान वळवली की पुढचा रस्ता गायब. आरसा बायकोला दिला. ही म्हणाली, मला तोंड बघायला वेळ कुठाय.

६ मार्च, सकाळी
झकास! वळणावर ट्रकसुद्धा थांबला. आत्मविश्वास असला की वाहनं आपोआप वाट देतात. फक्त मागे कुणाची तरी कोरडी चेन कुरकुरत होती, थेट दुकानापर्यंत. शिलाई मशीनं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. तेल न घालणारा माणूस मला सहन होत नाही.

१० मार्च
कुरकुऱ्या रोज मागे. बिचाऱ्याला रस्ता कळत नसावा, माझ्या भरवशावर चालवतो. पुढे जा म्हणून हात केला, तो खांबाला लागला. खांब फारच पुढे रोवलाय. तक्रार करणार.
संध्याकाळी घरी पोचलो तर दाराला कुलूप. ही माझ्या मागोमाग आली, घामाघूम. शेजारणीकडे गेले होते म्हणाली. शेजारीण भिंतीपलीकडे! हिला व्यायामाची गरज आहे.

१३ मार्च
हिची सायकल जिन्याखाली असते. वापरतच नाही म्हणते. सहज हात फिरवला. चेन कोरडी ठणठणीत, टायरला ओला चिखल. पाण्याचा पाइप गळत असणार, बघायला हवं. दुकानातलं मशीनचं तेल चेनला घातलं. हिला सांगितलं नाही. नवऱ्यानं एखादं काम गुपचूप करावं.

१४ मार्च
मागे आवाज नाही. सुटलो, असं वळणापर्यंत वाटलं. मग रस्ता एकदम मोठा झाला. कुरकुऱ्याला काही झालं की काय? बघायला म्हणून गच्च ब्रेक दाबला. मागून कुणीतरी धाडकन येऊन आदळलं. मी ओरडलो, डोळे फुटले का तुझे!
खालून उत्तर आलं ते हिच्या आवाजात.

१५ मार्च
हिचं मनगट मोडलं. पहिल्या दिवसापासून हीच मागे होती. ट्रकला हात दाखवून थांबवलं तेही हिनंच. म्हणाली, सांगितलं असतं तर तुम्ही सायकलला हात लावला नसता, आणि घरात तोंड पाडून बसला असता. चेनला तेल का घातलं नव्हतंस, विचारलं. म्हणाली, मागे आवाज असला की तुम्ही चिडून सरळ चालवता.
लाज वाटली. फार.

२४ मार्च
दोन्ही सायकली विकल्या. तात्पुरत्या.
आज दुकानात पायी गेलो. हिचा एक हात प्लास्टरमध्ये, म्हणून दुसरा मी धरला. हिला आधार नको का? वळणावर मी चल म्हणालो. ही म्हणाली, थांबा. थांबलो. बाजूनं काहीतरी मोठं गेलं, तोंडावर वारा आला.
काय होतं ते मी विचारलं नाही.