राजाच्या कोटाचं अस्तर

५ जानेवारी

अहो, तुम्हांस सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. थंडी अशी कडक आहे की नाक जागेवर आहे ना, हे मला छोटीला विचारावं लागतं. काल आम्ही दुमजली बसच्या उघड्या मजल्यावर बसून शहर पाहिलं. शहाणी माणसं सगळी खाली होती. वर आम्ही दोघी बहिणी आणि वारा.

कपडा दिसला की कड उलटून शिवण बघायची माझी खोड इथेही सुटलेली नाही. हॉटेलच्या लिफ्टमध्ये एका गृहस्थांच्या ओव्हरकोटाची मागची कड मी हळूच उलटली. ते वळले तेव्हा छोटीने शांतपणे सांगितलं की, माझ्या बहिणीची नजर अधू आहे. आमचा मजला येईपर्यंत मला आंधळ्यासारखं उभं राहावं लागलं.

छोटीचं मात्र काहीतरी बिनसलंय. ताई, एक सांगायचं होतं, असं म्हणते आणि मग समोरचा पूल किती जुना आहे ते सांगते. तुम्हाला काही बोलली होती का?

दुकान उघडं ठेवा, पण कात्रीला हात लावू नका. बेतणं-शिवणं माझं आणि काज-बटण, हातशिलाई छोटीची, हे गिऱ्हाइकांना पाठ आहे. एकटीने अख्खा कपडा आम्ही आजवर पुरा केलेला नाही, म्हणावं थांबा.

लोभाची शिवण उसवू देऊ नये.

तुमची,
लाल नाकाची

६ जानेवारी

ती. भावजींस,
सा. न. वि. वि.

अजून सांगितलेलं नाही. रागावू नका. मनोऱ्याच्या टोकावर सांगायचं ठरवलं होतं, पण ताईला खाली बघून गरगरलं आणि तिने माझा हात घट्ट धरला. हात धरलेल्या माणसाला मी तुला सोडून चालले, असं कसं सांगायचं?

इथल्या संग्रहालयात जुन्या कपड्यांच्या दुरुस्तीसाठी माझी निवड झालीय, हे फक्त तुम्हाला ठाऊक आहे. सोमवारी रुजू व्हायचंय. मला हे काम हवंय, भावजी. जन्मात कशासाठी इतका जीव टाकला नव्हता. पण ताई नको म्हणाली तर मी नाही म्हणून कळवीन आणि परत येऊन काजं करीन, तोंड वाकडं न करता.

उद्या तिला तेच संग्रहालय बघायचंय, म्हणे राजाचा कोट आहे. एवढ्या थंडीत मला घाम फुटलाय.

आहे तोच जिव्हाळा ठेवावा.

तुमची मेव्हणी,
छोटी

८ जानेवारी

अहो,

आजचा नमस्कार अर्धाच. का, ते पुढे वाचा.

काल राजाचा कोट बघितला. जरीकाम सगळेच बघत होते. मला अस्तर बघायचं होतं. दोरीखालून वाकले आणि बाहीची कड जराशी, अगदी नखभर, उलटली. त्याबरोबर असा भोंगा वाजला की शाळेची अख्खी सहल कोट सोडून मला बघायला आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दोन पहारेकरी आम्हाला संग्रहालयाच्या मोठ्या बाईंच्या खोलीत घेऊन गेले.

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग छोटीकडे, आणि विचारलं की तुम्ही सोमवारी कामावर येणार आहात, की आजपासूनच घरच्यांना घेऊन सुरुवात केली आहे? छोटी पांढरीफटक पडली. मला सगळं तिथे कळलं. मी बाईंना म्हटलं, खोड माझी आहे, हिची नाही. मला हवी ती शिक्षा करा, पण हिच्या हातासारखा हात तुम्हाला मिळायचा नाही. बाईंनी बराच वेळ रागावून घेतलं. शेवटी छोटीला सोमवारी वेळेवर यायला सांगितलं, आणि मला दोरीच्या अलीकडे राहायला.

बसमध्ये मी एकटीच उघड्या मजल्यावर जाऊन बसले. फार लागलं मनाला. मग छोटी मला बर्फावर घसरायच्या मैदानात घेऊन गेली. रागाच्या भरात पायात ते पातीवाले बूट चढवले आणि पहिल्याच पावलाला बसकण मारली. उठवायला आली ती माझ्यावरच पडली. उठायचो आणि पडायचो. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते पाणी हसण्याचं राहिलं नाही. तिथेच बर्फावर बसून मी तिला जा म्हटलं.

आता तुमचं. तुम्हाला सगळं आधीपासून ठाऊक होतं, हे छोटीने सांगितलं. तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही असं मी आजवर समजत होते, आणि तुम्ही एवढं पोटात ठेवलंत! रविवारी एकटीच येतेय. स्टेशनवर या, उरलेला अर्धा नमस्कार तिथे.

तुमचीच

२ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

सोबत कोट पाठवलाय. तुझ्या मापाचा आहे. माप विचारावं लागलं नाही. अस्तर राजासारखंच लावलंय, नखभर बघितलेलं पुरलं. तुझे भावजी एकदा तुझ्या जागी बसून बटणं लावायला गेले. सदऱ्याला लावलेलं पहिलंच बटण त्यांनी स्वतःच्या लेंग्यासकट शिवलं. मी त्यांना उठवलं. आता तुझी जागा रिकामी आहे, ती रिकामीच बरी वाटते.

कोटाचं एक काज केलेलं नाही, त्याचं बटण सुटं पाठवलंय. ते तुझं काम आहे.

माया आहेच, मागायची गरज नाही.

तुझी ताई

९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कोट घालून आरशासमोर उभी राहिले आणि एकटीच हसत सुटले. काज केलं. मोठ्या बाईंनी माझ्या अंगातल्या कोटाची कड उलटून अस्तर बघितलं. भोंगा वाजला नाही.

त्या काजासमोरचं बटण मात्र मी लावलेलं नाही. वारा तिथूनच आत शिरतो. ते लावायला तू ये. एकटीने पुरा कपडा करायची सवय मला लावून घ्यायची नाही.

येतेस ना?

तुझी छोटी

१४ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

शनिवारच्या गाडीने निघतेय. तोवर गळपट्टा गुंडाळ. बाईंना सांग, हात खिशात ठेवीन.

तुझी ताई