धुळ्याला कोणता डबा न्यावा

नाना, आठवडा झाला, टेबलावर तीन डबे मांडून ठेवलेत आणि रविवारी धुळ्याला त्यातला कोणता न्यायचा या विचाराने माझी झोप उडालीये. एक तुमचा, पत्र्याचा, झाकणाला तुम्ही लावलेली पिवळी चिकटपट्टी अजून तशीच आहे. दुसरा परदेशी, लाकडी पेटीतला. माझ्याबरोबर बेस गिटार वाजवणाऱ्या मित्राने तो पुण्याहून कुणाचा तरी मागून आणलाय, उचलताना कंबर धरते. तिसरा तळहातावर मावणारं पेडल, त्याला डबा म्हणणंही जिवावर येतं, कारण आत स्प्रिंग नाहीच, स्प्रिंगची नक्कल करणारी चिप आहे. तिघांचं काम एकच. गिटारचा सूर एका टोकाने स्प्रिंगमध्ये सोडायचा आणि दुसऱ्या टोकाने तो थरथरत, ओलाचिंब होऊन बाहेर काढायचा. मी एकच ओळ तिघांतून वाजवते, उठते, पाणी पिते, परत वाजवते. पण खरं सांगायचं तर घोळ डब्यांचा नाहीच. माझे कान चाललेत, आणि हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही.

रविवारी धुळ्यात जुन्या बँडवाल्यांच्या मुलाबाळांनी मेळावा ठेवलाय. ज्याने त्याने आपल्या बापाची एक चाल वाजवायची, चहा प्यायचा, घरी जायचं. एवढ्याशा गोष्टीचा इतका धसका घ्यायचं कारण म्हणजे तुमच्या बँडचे ढोलवाले भाऊ. ते अजून खणखणीत आहेत आणि पुढच्या रांगेत बसणार आहेत. फोनवर मला बजावून ठेवलंय, "बेटा, आवाज तोच पायजे. दुसरा आनशी ते मी उठी जासू." ते गमतीने बोलत नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुमच्या बँडमधलं आता तेवढं एकच माणूस उरलंय, आणि ते भर कार्यक्रमातून उठून गेलं तर मी गिटारला पुन्हा हात लावीन की नाही, मला सांगता येत नाही. बरं, आवाज तोच का नाही याचं कारण मी काय सांगणार?

तो आवाज म्हणजे नक्की काय, हे माझ्या गिटारच्या क्लासमधल्या मुलांना समजावताना माझी तारांबळ उडते. तार तळहाताच्या कडेने दाबून सूर तुटक मारला की स्प्रिंगमधून पाण्यात थेंब पडावा तसा एक टपका येतो. तुम्ही त्याला ठिबक म्हणायचात. मेहरूणला राहायला आल्यावर मला कळलं की जळगावात ठिबक म्हटलं की समोरचा माणूस केळीच्या बागेवर बोलायला लागतो. मुलांनीच एकदा मोबाईलवर ऐकवलं, बाई, हे बघा, तुमच्या वडिलांसारखं. तिकडे लाटांवर फळी घेऊन घसरणाऱ्या पोरांचं संगीत आहे म्हणे, सर्फ म्हणतात त्याला. तीच खाली-वर, खाली-वर पळणारी गिटार, तीच ठिबक. मला हसू आलं. तुम्ही हतनूरच्या धरणापेक्षा मोठं पाणी कधी पाहिलं नाहीत. शेजारच्या बँडचा बेंजो फार जोरात पळायचा म्हणून तुम्ही गिटार तशी पळवायला शिकलात, आणि कुणीतरी दुरुस्तीला टाकलेल्या ॲम्प्लिफायरच्या पोटात स्प्रिंगा दिसल्या म्हणून हा डबा केलात.

वरातीत बँडची गाडी खड्ड्यातून गेली की डब्यातल्या स्प्रिंगा एकमेकींवर आपटायच्या आणि सगळ्या भोंग्यांतून गडगडाट व्हायचा. दुसऱ्या कुणी शरमून डबा बंद केला असता. तुम्ही त्याचा रिवाज केलात. नवरदेव मांडवाच्या दारात उतरला रे उतरला की तुम्ही गाडीच्या फळीला लाथ घालायचात. आभाळ कोसळल्यासारखा आवाज यायचा, घोडी बिथरायची, म्हातारी माणसं शिव्या घालायची आणि पोरं "अजून एक, अजून एक" करत नाचायची. लोक आपल्या बँडचं नाव विसरायचे. लाथ मारणारा बँड कुठे राहतो, असं विचारत सुपारी द्यायला घरी यायचे.

तर तीन डबे. परदेशी पेटीला तीन नॉब आहेत: सूर स्प्रिंगमध्ये किती जोराने ढकलायचा, तो किती धारदार ठेवायचा आणि कोरड्या सुरात स्प्रिंगमधला ओला किती मिसळायचा. त्यातला थेंब मोठा, गोल, आणि पडल्यावर त्याचे तरंग लांबपर्यंत जातात. तुमच्या डब्यातल्या आवाजाचं शेपूट तोकडं, मागे सतत एक घुंई, आणि एक स्प्रिंग ताणून सैल झालेली, त्यामुळे खालच्या तारांवर तो मध्येच घसा खाकरल्यासारखा करतो. पेडल अगदी शहाणं बाळ. ना घुंई, ना खाकरणं. लाथ मारली तर नुसतं टेबलावरून घसरतं. हे सगळं मी दोन वर्षांपूर्वी डोळे मिटून सांगितलं असतं. आठवड्यापूर्वी, पहिल्याच दिवशी, मला तिघांतला थेंब सारखाच ऐकू आला. म्हणजे ऐकूच आला नाही. बोट तारेवर पडताना दिसत होतं, मधला जाड सूर येत होता, आणि जिथे टपका पडायला हवा तिथे काही नव्हतं. मी आधी वायर बदलली. मग ॲम्प बदलला. मग दार लावून घेतलं आणि डॉक्टरांचा नंबर शोधला.

त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, कानावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. सुरुवातीला मी भराभर दाबत होते. नंतर बराच वेळ नुसती बसून राहिले, मला वाटलं यंत्र बंद पडलं. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख पुढे केला. रेघ डावीकडे ठीक चालते आणि उजवीकडे घाट उतरावा तशी खाली जाते. "बारीक आवाज आधी जातात, मॅडम. कानाला मशीन लावा, सवय होईल." मी म्हटलं, मी गिटार वाजवते. ते म्हणाले, "घरीच वाजवता ना?" मी हो म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. तेव्हापासून मी सगळ्यांची परीक्षा घेत सुटलेय. क्लासमधल्या मुलाला पाठमोरा बसवते आणि सांग म्हणते, कोणता डबा. तो बिचारा समजतो परीक्षा त्याची आहे.

या सगळ्यात शिरपूरचं ते लग्न सारखं डोळ्यांपुढे येतं. मी कॉलेजात आहे, सुट्टीत तुमच्याबरोबर आलेय. वरात मांडवापाशी पोचतेय आणि तुम्ही ट्रेबलचा, म्हणजे आवाजाच्या धारेचा नॉब पार शेवटाला नेऊन ठेवलाय. गिटार सुईसारखी कानात घुसतेय. नवरीकडच्या बायका पदराने कान झाकून उभ्या आहेत. मी गाडीजवळ येऊन म्हणते, नाना, फार टोचतंय, जरा कमी करा. तुम्ही वळत नाही. मला वाटतं, मुद्दाम करताय. मी बाही ओढून पुन्हा ओरडते, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत म्हणता, "तुना कान काय लोनीना शेतस का?" लोण्याचे कान ऐकून बँडवाले फिदीफिदी हसतात, ढोलवाले भाऊ सगळ्यांत जास्त. नॉब तुम्ही तसूभरही मागे घेतला नाहीत. मला ते फार लागलं होतं. परतीच्या वाटेवर धुळ्यापर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही, आणि तुमच्या ते ध्यानातही आलं नाही.

काल दुपारी बेसवाला मित्र आला. म्हटलं, चला, आज निकाल लावून टाकू. आई आत लसूण सोलत बसली होती. मी तुमचा डबा जोडला आणि ॲम्पवरचा धारेचा नॉब हळूहळू फिरवत गेले, कान देऊन, मला ठिबक ऐकू येईपर्यंत. आणि आली, नाना. अगदी बारीक, पण आली. माझे डोळे भरून आले. मान वर केली तर मित्र खुर्चीसकट दारापर्यंत सरकलेला. "ताई," तो संकोचून म्हणाला, "आवाज बरोबर आहे, पण... जरा जास्त होतंय." तोवर आतून आईचा आवाज आला, "टोचस ना माय. तुना बाप वाजाडे तसंच." मी विचारलं, मग यातला कुठला डबा नानांसारखा वाटतो? ती म्हणाली, "माले ते बठ्ठा सारखाच. टोचस, तेवढं माले समजस."

मित्र गेल्यावर मी तिच्यापाशी जाऊन बसले. नाना इतका टोचरा आवाज का ठेवायचे गं? तिने हातातली पाकळी सोलून संपवली आणि मग साधेपणाने म्हणाली, "त्याले ऐकू ये नही."

"कधीपासून?"

"तू कॉलेजले गई तवयपासून. तुले कोनी सांगं नही?"

"तू सुद्धा नाही सांगितलंस."

"त्यानी शप्पत घाली व्हती. लोकेसले समजनं ते सुपारी कोन दी, आसं म्हने." आणि दुसरी पाकळी घेतली. इतकी वर्षं ठेवलेली गोष्ट तिने लसणाच्या सालीसारखी बाजूला काढून टाकली आणि वर मलाच विचारलं, भाजीत टमाटा घालू का.

आता मी काय समजू, नाना? ढोलवाले भाऊ ज्याला "तोच आवाज" म्हणतात, जो मिळवण्यासाठी मी अर्धं आयुष्य नॉब फिरवत बसले, तो तुमचा शौक नव्हता, तुमची तऱ्हाही नव्हती. ऐकू न येणाऱ्या माणसाची ती धडपड होती. आणि काल मी नेमकी त्याच जागी जाऊन पोचले, स्वतःच्या पायांनी. आधी मला तुमचा राग आला. मग भीती वाटली, ती अजून गेलेली नाही. तुम्ही सुरात कसे राहायचात? ढोलाच्या काठीकडे बघून? शेवटी शेवटी तुम्ही लाथा जास्त मारायला लागला होतात, आम्ही म्हणायचो नानांना म्हातारपणी चेव आलाय. तो गडगडाट तेवढा नीट ऐकू यायचा का तुम्हाला? आणि ज्या वर्षी मला इथे नोकरी लागली, तेव्हा तुम्ही हा डबा गोधडीत गुंडाळून एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठवलात. आईने फोनवर तुमचा निरोप सांगितला, माले आते त्यानं काम नही. मी गावभर सांगितलं, नानांनी मला वारसा दिला. आता वाटतं, तुमच्यापुरता तो डबा मुका झाला होता. दोन्ही असेल. मला तरी दोन्ही हवंय.

डबा तुमचाच नेईन असं आत्ता वाटतंय. संध्याकाळपर्यंत टिकलं तर खरं. एक मात्र केलं. आज सकाळी मित्राला फोन करून सांगितलं, रविवारी नॉब तू लावायचे, मी हात लावणार नाही. तो म्हणाला, का? मी म्हटलं, स्टेजवरून समोरचा अंदाज येत नाही रे. त्याला पटलं. फोन ठेवते तोच आई दारात उभी. "ते कधीनं कोकली ऱ्हायनं, बंद कर ना आते." मला कळेना काय कोकलतंय. तिने मानेने खुणावलं तिकडे पाहिलं तर इन्व्हर्टरचा लाल दिवा उघडमीट करत होता. सकाळपासून लाइट नव्हती, बॅटरी उतरली होती आणि ते म्हणे केव्हाचं पीं पीं करत होतं. "हो ना, ऐकतेय मघापासून," मी म्हटलं आणि उठून बटण दाबलं, "फोनवर होते म्हणून उठले नाही." ती आत गेली.

जेवायच्या वेळी तिने नेहमीसारखी आतून हाक मारली नाही. माझ्यापर्यंत चालत आली, समोर उभी राहिली, मी तिच्या तोंडाकडे पाहीपर्यंत थांबली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "जेवाले चाल."

मी उठून गेले. जेवण झाल्यावर हा कागद घेऊन बसलेय. पोस्टात टाकायचा नाहीये तो, तुम्हीच नाही तर जाणार तरी कुठे. इन्व्हर्टर मला ऐकू आला नव्हता, नाना. तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे. आई पलीकडच्या खोलीत जागी आहे, आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही.