पाऊल आणि केरसुणी

प्रिय मनस्वी,

तू तैवानहून पाठवलेला कागद पोचला. पडवीच्या भिंतीला लावला, तर शेजारची मथुराकाकी म्हणते, गोदे, भिंतीवर कुर्ली चिरडलीस काय? म्हटलं, काकी, चिनी अक्षर आहे ते, जपून बोल. मग तिला अर्थ सांगायला बसले आणि सांगता सांगता माझ्याच अंगावर काटा आला.

मी चौथी पास. माझ्या लेखी 'क' म्हणजे 'क', त्याच्या पोटात आणखी काय असणार? आणि तू फोनवर म्हणालीस, आई, ह्या 'ग्वेइ'मध्ये एक पाऊल आहे आणि एक केरसुणी. चष्मा पुसून बघितलं. केरसुणी दिसली गं खरंच. हजारो वर्षांमागे ती माणसं हाडांवर अक्षरं कोरायची, तेव्हापासूनची ती केरसुणी, आणि पाऊल मागाहून जोडलेलं. चीनमध्ये आता लिहायला सोपं पडावं म्हणून पाऊलच उडवलं म्हणालीस. कसली घाई असते लोकांना. तैवानवाल्यांनी ठेवलं ते बरं केलं.

अर्थ काय, तर घरी परतणं. इथवर ठीक. पण जुन्या पुस्तकांत मेलेल्या माणसाला 'परतलेला' म्हणतात आणि आपण जिवंत ते सगळे वाटसरू, हे ऐकलं आणि गॅसवरचं कालवण करपलं माझं. तुला ठाऊक आहे, तुझे बाबा जहाजावर निघाले की पोचल्याचा निरोप येईपर्यंत मी केर काढायची नाही. माणसाच्या पाठोपाठ झाडायचं ते फक्त मढं उचलल्यावर. मथुराकाकी टोमणे मारायची, घर आहे की गोठा. मारू दे. ते दर खेपेला परत आले. दोन वर्षांमागे त्यांना उचललं आणि बायकांनी लगेच घर झाडायला घेतलं. ती खरखर माझ्या कानातून गेली नव्हती. वाटायचं, माझ्या माणसाला झाडून बाहेर टाकलं. आणि त्या परक्या लोकांनी केव्हाचं लिहून ठेवलंय, की तो गेला नाही, घरी पोचला. आणि तेही केरसुणी घालून. कुठे ते, कुठे आपलं पावस गाव.

तिसरा अर्थ सांगताना मात्र तू अडखळलीस. फार जुन्या गाण्यांत नवरी सासरी निघते तिथेही हेच अक्षर. ती म्हणे घरी परतली. मला रागच आला. मग आईबापाचं घर काय एसटीचा स्टँड होता? पण नंतर वाटलं, आपण तरी घरातून निघताना 'जाते' कुठे म्हणतो, 'येते' म्हणतो. त्यांना हसायला मला तोंड नाही.

आता मुद्द्याचं. मी शिकले नाही, पण आंधळी नाही. हे अक्षर तुझ्या हातचं नव्हे, तू तिरकं लिहितेस. फोनच्या पडद्यावर तुझ्यामागे तो तुझा मित्र लिन पेले विसळताना दिसला, त्याची बोटं शाईने काळी होती. त्याच्याशी लग्न करून तिकडेच राहायचंय, ते तोंडाने सांगवेना म्हणून अक्षर पाठवलंस. कर लग्न. पेले विसळतो, मला पुरे. माझं एवढंच, लग्न तिकडे लाव हवं तर, पण नवरी म्हणून निघायचं ते ह्या उंबऱ्यावरून. गेल्या खेपेला निघालीस तेव्हा अंगणातल्या लाल मातीचं तुझं एक पाऊल पडवीत उमटलं होतं. तू पोचल्याचा फोन येईपर्यंत मी केरसुणी कोपऱ्यात टेकवून त्याच्याकडे बघत बसले होते. काल भिंतीवरच्या कागदाकडे बघता बघता कळलं, तेच हे. पाऊल मागाहून कुणी जोडलं ते तुझ्या पुस्तकांत नसेल, पण मला ठाऊक आहे. कुणातरी आईने जोडलं.

केर तसाच ठेवणारी,
तुझीच
आई