एका रांगेतल्या तीन खुर्च्या

२६ ऑक्टोबर, रविवार
नगरला सिनेमा. पाचही जण माझ्या भावाच्या, सागरच्या पिकअपने. नाना पुढे, सागरशेजारी. आम्ही तिघं मागे सतरंजी टाकून. आई आयुष्यात पहिल्यांदा थेटरात.
तिकिटांप्रमाणे आधी नाना, मग दादा म्हणजे वडील, मग आई, मी, सागर. आई खुर्चीपाशी उभीच. मी हात ओढला तर म्हणाली, "राहू दे गं, मामंजी हायेत." नाना तिचे सासरे. मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, "ओ मावशी, बसा की! का उभ्यानंच बघनार?" सागर खो खो हसला. दिवे गेले तेव्हा कुठे बसली.
मधेच पाहिलं. दादांचा हात दोघांमधल्या खुर्चीच्या हातावर होता. आईचाही. शेजारी शेजारी. माझ्या घरात मी हे कधी पाहिलेलं नाही.
इंटरव्हलला दिवे लागले तशी ताडकन उभी.

२७ ऑक्टो.
ड्यूटीवर लक्ष नव्हतं. भक्तनिवासाच्या रिसेप्शनला एका भक्ताला दुसऱ्याच खोलीची किल्ली दिली. साहेब बोलले. बोलू देत.
आई लग्न होऊन आली तेव्हापासून नानांसमोर खुर्चीवर, खाटेवर बसलेली नाही. संध्याकाळी टीव्हीपुढे आम्ही सगळे. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला टेकून, पुढ्यात ताट, ताटात लसूण नाहीतर शेंगा. तिथून पडदा तिरका दिसतो. उठताना चौकट धरते, गुडघे वाजतात. सागरने दिवाळीला एवढा भिंतभर टीव्ही आणला, आवाजाचे डबे आणले. तरी ती तिथेच.
नानांनी तिला कधी 'खाली बस' म्हटलेलं नाही. 'वर बस'ही म्हटलेलं नाही.
ठरलं. माझ्या साठलेल्या पगारातून नव्या हॉलला थेटरासारख्या खुर्च्या. तीन जोडलेल्या. सुट्या नकोत. सुटी असली तर ही बाई आपली खुर्ची उचलून उंबऱ्यापाशी नेईल.

२ नोव्हेंबर, रविवार
श्रीरामपूर. दुकानात खुर्च्याच खुर्च्या. दांडा ओढला की पाठ मागे, पाय वर.
नाना बसले, पाय वर गेले. "ही तर दवाखान्यातली खाट हाय. सलाईन लावा म्हनावं." दादा बसले आणि खरोखर झोपले. घोरायला लागले. दुकानदाराला केवढा आनंद! इतर गिऱ्हाइकांना बोलावून दाखवत होता.
आई दाराजवळ चपलांपाशी उभी. "आईंना बसवा ना मॅडम, त्यांचं बघा," दुकानदार तीनदा म्हणाला. आई: "मला कुटं बसायचंय? तुमी बघा तुमचं."
परतताना सागर म्हणे, ताई, तुझं तोंड बघून ट्रॅफिक पोलीस पण सलाम ठोकेल.
चूक माझी. नानांना न्यायलाच नको होतं.

५ नोव्हें., बुधवार
सुट्टी. आईला एकटीला घेऊन एसटीने नगर. सावेडीतलं दुकान.
तिला मधल्या खुर्चीवर बसवलं. इकडे तिकडे पाहून बसली, पण टोकावर, सोयरिकीला आल्यासारखी. मी म्हटलं मागे टेक. टेकली. मला काय सुचलं, मी दांडा ओढला.
पाय वर! समोरच्या भिंतीवर दुकानदाराचे देव. हार घातलेला मोठा फोटो, खाली उदबत्ती. आईचे दोन्ही पाय सरळ देवाकडे.
"अगं पाय खाली घे! रोहे! देवा, माफ कर रे बाबा!" दोन्ही हात कानाला, आणि पाय खालीच येईनात. दांडा अडकला. मी ढकलतेय, ती रडवेली, मग मला हसू, मग तिलाही. शेठ धावत आला. त्याने आणि मी मिळून आईसकट सगळी रांग फिरवली, तोंड रस्त्याकडे. मग तो हात जोडून म्हणाला, "माझ्याच ध्यानात नाही आलं मावशी. आता निवांत बसा."
बसली. बराच वेळ. डोळे मिटले होते. मी मुद्दाम कापडाचे रंग बघत लांब फिरले.
"हितून समदं सरळ दिसतं गं," म्हणाली. रस्ता दिसत होता फक्त. रिक्षा, उसाचा एक ट्रॅक्टर.

तीच तारीख, एसटीतलं
मी तिला सगळं ऐकवलं. माणूस म्हणून हक्क, बरोबरी, कॉलेजात ज्यावर बोलून बक्षीस मिळवलं ते सगळं. ती खिडकीबाहेर बघत. राहुरीच्या पुढे बोलली.
"तुजे दादा बारावीनंतर नको म्हनत हुते. स्थळ आलं हुतं. मामंजी म्हनले, पोरगी शिकंल. एकदाच म्हनले. त्या दिसापासून तर मला त्यांच्याम्होरं वर बसाया आनखीच जड वाटतं."
स्थळाचं मला माहीत होतं. नानांचं नव्हतं.
म्हणजे मी जिला गुलामगिरी म्हणते ती... तिचं उपकार मानणं आहे? आणि उपकार माझ्यावरचे. फेडतेय ती, जमिनीवर बसून.
पण गुडघे तर दुखतातच ना.

९ नोव्हें.
चार दिवस विचार. आज सांगितल्या खुर्च्या. रंग आईने निवडला होता, चिंचेच्या टरफलाचा. कुणासाठी निवडतेय हे तिला मी विचारलं नाही.

१५ नोव्हें., शनिवार
आल्या. दारातून जाईनात, दार बिजागऱ्यांतून काढलं. अर्धी गल्ली अंगणात. शेजारच्या शांताकाकूंनी आल्या आल्या बसून घेतलं. "कमल, तुजी पोरगी लई भारी! आमच्या पोरानं आईला चटई तरी आनली का?"
आईने खुर्च्यांना हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला, तिघींना ओवाळलं. गाडी आली की करतात तसं. मग ताट घेऊन उंबऱ्याशी जाऊन बसली.
नाना उजवीकडे, दादा डावीकडे. मधली रिकामी.

१६ नोव्हें.
मधल्या खुर्चीवर आईने घडी केलेली गोधडी ठेवली. "धूळ बसंल."

१८ नोव्हें., मंगळवार
नाना दोन दिवस आठ वाजले की कानटोपी घालून बाहेर ओट्यावर. "आत उकडतं." नोव्हेंबरात! त्यांचं आवडतं कीर्तन आठला लागतं. ते खिडकीतून नुसतं ऐकतात.
आज उलगडलं. ते उठून जातात म्हणजे आईला बसता यावं.
आईला हे माझ्याआधी कळलं होतं. चहा घेऊन गेली. "मामंजी, आत चला. थंडी लई हाय."
"मला गार न्हाई लागत."
"मला लागतं तुमाला बघून."
आले आत. ती उंबऱ्याशी. मधल्या खुर्चीवर गोधडी.
मी काय आणून ठेवलं घरात? बरे होते तेही दोघं अवघडले. एक बाहेर कुडकुडतंय, एक आत झुरतंय. मला वाटलं होतं, खुर्चीचा प्रश्न आहे, खुर्ची आणली की सुटेल.

२० नोव्हें.
नानांना मळ्यात एकटं गाठलं. "नाना, तुम्हीच सांगा ना तिला, वर बस म्हणून. तुमचं ऐकेल."
विळा खाली ठेवला. "ऐकंल की. आजवर ऐकलंच हाय समदं. पर मी सांगून बसली, तर ते बी माजंच ऐकनं झालं. तिचं काय झालं त्यात?"
मी बीए. ते चौथी.
मग त्यांनीच विचारलं, "तुला त्या सिनेमातलं काय आठवतं?"
मी गोष्ट सांगायला लागले. "तसलं न्हाई," म्हणाले आणि विळा उचलला.

२३ नोव्हें., रविवार
जेवणं लवकर झाली. सागर सिनेमा लावत होता. नाना आपल्या खुर्चीत, कानटोपी काढलेली. दादा आपल्या. आई लसूण घेऊन निघाली उंबऱ्याकडे.
नाना म्हणाले, "सागऱ्या, ट्यूब घालव."
"कशाला? दिसतंय की."
"थेटरात काय ट्यूब असती व्हय? घालव. सैपाकघरातली बी."
सागरने घालवली. नुसता पडद्याचा उजेड, तोही सुरुवातीला काळाच. मग नाना, कुणालाच नाही असं, पडद्याकडे बघत: "मला आता अंधारात कायबी दिसत न्हाई बा. कोन कुटं बसलंय, काय कळत न्हाई."
नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दसऱ्याआधी झालं. पेपर चष्म्याशिवाय वाचतात. कालच बांधावरून शांताकाकूंची शेळी ओळखली.
आई अंधारात उभी, हातात ताट. थेटरात होती तशीच.
मी उठले. तिच्या हातातून ताट घेतलं आणि उंबऱ्याशी, तिच्या जागेवर जाऊन बसले. भिंतीला तिच्या पाठीएवढा तेलकट डाग आहे, तिथे टेकले. पडद्याकडे तोंड केलं. खरंच तिरका दिसतो. माणसं लांबट होतात.
खुर्च्या आता माझ्या मागच्या अंगाला. दादांचा आवाज, अगदी हळू, "ती गोधडी दे हिकडं." कापडाची सळसळ. मग काही नाही. मग खुर्चीची कुरकुर. नानांनी कूस बदलली असेल. किंवा सागर असेल, त्याला कुठेही लोळायची सवय आहे.
मी मागे पाहिलं नाही. लसूण सोलत राहिले.
इंटरव्हलची जाहिरात लागली. पडदा लख्ख पांढरा झाला, सगळ्या हॉलभर उजेड. मी कान देऊन ऐकत होते, ताडकन कुणी उठतंय का.