साठपट झूम आणि दसऱ्याचा पक्षी

शनिवार, ३० ऑगस्ट

आणला! एकदाचा आणला! कोठी बाजारातल्या त्या गल्लीत दोन तास उभं राहून, चार दुकानदारांचं डोकं खाऊन, शेवटी साठपट झूमवाला कॅमेराच घेतला. दुकानदार म्हणे, "आंटी, मोबाइल में सब आता, कैको इत्ता बडा लेते?" मी म्हटलं, "मोबाइल में चिड़िया दिसती, उसकी आँख नै दिसती." लगेच खोकं बांधायला घेतलं.

बटण दाबलं की भिंग घर्र करून पुढे येतं – आणि येतच राहतं! ह्यांनी खुर्चीतूनच विचारलं, "त्रिवेणी, ही तोफ कुणावर?" मी म्हटलं, "तुमच्यावर!" छत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. आता म्हातारपणी स्वतःसाठी एक खेळणं घेतलं, तर कुणाच्या पोटात का दुखावं?

३१ ऑगस्ट

समोरच्या गच्चीवर पोपट बसला होता. सदतीस फोटो काढले. पोपट एकातही नाही.

मंगळवार, २ सप्टेंबर

खालच्या मजल्यावरचा प्रशांत कॅमेरा बघायला आला. त्याच्याकडे भिंगं बदलायचा मोठा कॅमेरा आहे, आणि भिंगांची एक वेगळी बॅग. माझा कॅमेरा हातात घेऊन नाक मुरडलं. "काकू, हा धड मोबाइल नाही, धड कॅमेरा नाही. ह्याचं भिंगच बदलता येत नाही!"

मी म्हटलं, "अरे, बेचाळीस वर्षांत मला नवरा बदलता आला नाही, भिंगाचं काय घेऊन बसलास!" हे आतून खोकले. मुद्दाम.

पण पोरानं एक गोष्ट चांगली शिकवली. आधी झूम कमी ठेवायचा, पक्षी मधोमध घ्यायचा, मग हळूहळू पुढे जायचं. कोपरं पोटाशी, श्वास धरून. मी एकदम साठपट करून आभाळात पोपट शोधत होते! नुसतं निळं निळं दिसायचं आणि मी म्हणायचे, कॅमेरा खराब आहे.

आज पोपटाची शेपटी आली. अर्धी.

शनिवार, ६ सप्टेंबर

आता सगळी कॉलनी मला फोन करते. "ताई, बघा ना, आमच्या टाकीचं पाणी वाहतंय का?" मी गॅलरीत जाते, झूम करते, सांगते – वाहतंय, मोटर बंद करा. बसचा नंबर वळणावरूनच वाचते. शेजारच्या इंदुताईंनी गच्चीत वाळत घातलेल्या सांडग्यांवर कोण डल्ला मारतं, तेही पकडलं – खार! मिशांना पीठ लागलेलं. काय फोटो आलाय! इंदुताईंना पाठवला तर म्हणाल्या, "सांडगे चांगले पांढरे दिसतायत, नाही?" खारीबद्दल चकार शब्द नाही.

८ सप्टेंबर

चंद्र काढला. खड्ड्यांसकट! तेजश्रीला पुण्याला पाठवला. तिचं उत्तर – "आई, हा नेटवरून घेतलास ना?" पोटच्या पोरीचा विश्वास हा असा.

गुरुवार, ११ सप्टेंबर

आज ह्यांना ओढून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. ओढूनच म्हणायला हवं. रिक्षात बसेपर्यंत कुरकुर.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पुरता पिकलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, इतके दिवस काय करत होतात? आता उशीर नको. साधं ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी टीव्ही बघाल."

हे उठले आणि म्हणाले, "मॅडम, मी रेल्वेत ड्रायव्हर होतो. चौतीस वर्षं. प्रत्येक मेडिकलला नजर ए-वन. सिग्नल मला असिस्टंटच्या आधी दिसायचा." त्या म्हणाल्या, "तेव्हा दिसायचा हो." झालं! तडक रिक्षात जाऊन बसले.

रात्री जेवताना मीच विषय काढला. खूप वाजलं. शेवटी पैज लागली. दसऱ्याला पालपिट्टा ह्यांना सगळ्यांच्या आधी दिसला नाही, तर दुसऱ्या दिवशी ऑपरेशनची तारीख घ्यायची. आणि दिसला, तर वर्षभर मी तो विषय काढायचा नाही!

पालपिट्टा म्हणजे आपला नीलपंख. इथे दसऱ्याला तो दिसला की वर्ष चांगलं जातं म्हणतात. आमची कॉलनी – तेलुगू काय, मराठी काय – दर दसऱ्याला दुपारी ह्यांच्यामागून युनिव्हर्सिटीच्या माळावर जाते. काही लोक पक्षी पिंजऱ्यात घालून दारोदार दाखवत फिरतात, ते ह्यांना बिलकूल चालत नाही. उघड्यावरचा हवा, आणि तो शोधणार हणमंतरावच! ह्यांनी बोट केलं की सगळे हात जोडणार. सोळा वर्षं हा मान ह्यांचा.

मी लगेच हो म्हटलं. मनात म्हटलं, ह्या वेळी पंच माझ्या गळ्यात लटकणार आहे.

१८ सप्टेंबर

जिन्याची शेवटची पायरी चुकली. गुडघा फुटला, मनगट सुजलं. मी धावत गेले तर म्हणतात, "पायरी नव्हतीच तिथे!" मी म्हटलं, "बत्तीस वर्षं आहे!" हळद लावून पट्टी बांधली. प्रशांत वेळेवर खाली होता, नाहीतर डोकं आपटलं असतं.

चार दिवसांपूर्वी ह्यांनी चहात मीठ घातलं, तेव्हा मी हसले होते. आज हसू आलं नाही. मला भीती वाटते. उद्या रस्ता ओलांडताना काही झालं तर? पैज जिंकायलाच हवी.

बुधवार, २४ सप्टेंबर

मिळाला!!

इंदुताई आणि मी सहालाच माळावर. इंदुताईंचं नुसतं "कुठेय, कुठेय" चाललेलं, त्या आवाजाने दोन खंड्या पक्षी उडाले. मी म्हटलं, "इंदुताई, तुम्ही जरा प्राणायाम करा बघू." बसल्या एका दगडावर डोळे मिटून.

आणि मग तो दिसला. एका वाळक्या फांदीवर. बसलेला असताना साधाच दिसतो, तपकिरी, जरा फुगलेला. आधी झूम कमी. मधोमध घेतला. हळूहळू पुढे. कॅमेरा मेला पुढच्या काडीवरच फोकस करत होता, पक्ष्यावर येईना! दात-ओठ खाऊन पुन्हा. पुन्हा. आणि अचानक लख्ख झाला. छातीवरच्या बारीक रेघा, डोळ्याभोवतीचं कातडं, चोचीत टोळाचा एक पाय! कोवळं ऊन अंगावर. मग त्याने पंख उघडले. देवा! इतका निळा रंग असतो?

एकवीस फोटो. त्यातला एक तर मोठा करून भिंतीवर लावावा असा.

इंदुताईंनी डोळे उघडले तेव्हा तो गेला होता. परत येताना माझ्या दहा पावलं पुढे चालत होत्या.

२५ सप्टेंबर

फोटो ह्यांना दाखवला. कॅमेऱ्याची मागची स्क्रीन डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, पुन्हा जवळ आणली. मग म्हणाले, "छान आलाय हो मोर."

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. ज्या माणसाने मला लग्नानंतरच्या पहिल्याच दसऱ्याला हा पक्षी दाखवला, त्याला तो मोर वाटावा!

बुधवार, १ ऑक्टोबर

आपट्याची पानं आली. जम्मीची डहाळीही आली – शमी हो, इथे तिच्याशिवाय दसरा होत नाही. श्रीखंडाचा चक्का टांगलाय. बॅटऱ्या दोन्ही भरून ठेवल्या. कार्ड रिकामं करणार होते, पण त्या एकवीस फोटोंवर जीव जडलाय, राहू दिले.

उद्या काय करायचं ते ठरलंय. ह्यांनी कुठेही बोट केलं की झूम करायचा, आणि तिथे जे असेल ते सगळ्यांसमोर सांगायचं. लाज वाटेल ह्यांना, वाटू दे. डोळे राहिले म्हणजे झालं.

गुरुवार, २ ऑक्टोबर – दसरा

सगळं मुसळ केरात. आणि केरात घातलं ते मीच.

सकाळपासून आभाळ भरलेलं. चार वाजता निघालो. पन्नासेक माणसं तरी असतील. नव्या साड्या, पोरांच्या डोक्यावर टोप्या, प्रशांत त्याची भिंगांची बॅग पाठीवर घेऊन. पुढे हे. पांढरा झब्बा, ताठ मान. गुडघ्यावर अजून पट्टी, पण काठी घेतली नाही. मी हात द्यायला गेले तर झटकला.

माळावर पोचलो. हे थांबले. मागचे सगळे थांबले. पाच मिनिटं गेली, दहा गेली. पोरं चुळबुळ करायला लागली. मागून कोणीतरी म्हणालं, "काका, इस बार नै आता क्या?" मी ह्यांच्याकडे बघितलं. कपाळावर घाम होता. डोळे बारीक करून, ओठ घट्ट मिटून, इकडून तिकडे नुसती मान फिरत होती. चौतीस वर्षं गाडीत हजार-हजार माणसं घेऊन रात्री-बेरात्री सिग्नल बघितला, तो हाच माणूस.

आणि एकदम बोट वर झालं. "तो बघा! विजेच्या तारेवर! खांबापासून जरा उजवीकडे!"

लांब तारेवर एक काळा ठिपका होता खरा. आभाळच असं, की सगळंच काळं दिसत होतं. मी कॅमेरा लावला. कोपरं पोटाशी, श्वास धरला. साठपट.

कावळा. चोच तारेला घासून पुसत होता.

पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. इंदुताई म्हणाल्या, "त्रिवेणीताई, आहे ना हो तोच?" हेही माझ्याकडे वळले. पण माझ्या चेहऱ्याकडे नाही बघितलं. माझ्या खांद्याच्या जरा बाजूला बघत होते, जिथे मी नव्हते.

वाक्य तयार होतं तोंडात. कालपासून तयार होतं. आणि मी म्हणाले, "हो हो! तोच! पालपिट्टा!"

पन्नास जणांनी कावळ्याला हात जोडले. कोणी डोळ्यांना हात लावला, कोणी पोरांना उचलून दाखवलं. इंदुताई तर गहिवरल्या. मग सगळे माझ्या मागे – फोटो! फोटो! ग्रुपवर टाका! घरी येऊन त्या एकवीसमधला सगळ्यांत चांगला टाकला. दुसरं काय करणार?

आपट्याचं पान देताना ह्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरला. म्हणाले, "सोनं घ्या. आणि वर्षभर विषय नाही हं!"

३ ऑक्टोबर

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. काय गरज होती? एक शब्द, "कावळा", आणि आज दवाखान्यात बसलो असतो. आता वर्षभर जिना, रस्ता, गॅस, सगळीकडे ह्यांच्यामागे फिरा! गणिताच्या बाईंनी सोपं गणित चुकवलं. कॅमेऱ्याला आज हात लावला नाही.

शनिवार, ४ ऑक्टोबर

प्रशांत आला होता. दारातच उभा राहून गालातल्या गालात हसत होता. "काकू, परवा तर आभाळ होतं. तुमच्या फोटोत पक्ष्यावर ऊन कुठून पडलं?"

मी म्हटलं, "अरे, हा धड मोबाइल नाही, धड कॅमेरा नाही. ह्यात ऊन आपोआप पडतं."

"आणि तारेची फांदी पण आपोआप होते?"

"चहा घेणार का?"

घेऊन गेला. हे आत पेपर धरून बसले होते. नंतर बघितलं तर पेपर उलटा.

रविवार, ५ ऑक्टोबर

आज ह्यांचं कशातच मन नाही. जेवणावर लक्ष नाही. विचारलं तर म्हणे काही नाही. संध्याकाळी उगाचच विचारलं, "त्या फोटोतला पक्षी कसा दिसतो गं?" मी सगळं सांगितलं – छातीवरच्या रेघा, टोळाचा पाय, पंख उघडल्यावरचा निळा. डोळे मिटून ऐकत होते.

सोमवार, ६ ऑक्टोबर

सकाळी चहा ओतत होते. हे म्हणाले, "तारीख घे." कसली? "डोळ्यांची." मग म्हणाले, "दसऱ्याला मला काही दिसलं नव्हतं. लोक ताटकळले होते, म्हणून नुसतं बोट केलं." मी म्हटलं, माहितीये, कावळा होता. तर म्हणे, "गेल्या वर्षीही काही दिसलं नव्हतं. त्याच्या आदल्या वर्षीही नाही."

चहा बशीत, बशीतून ओट्यावर. कारण ती दोन्ही वर्षं ह्यांच्या शेजारी उभी राहून "अय्या, केवढा निळा!" असं सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्यांदा ओरडले होते ती मी.