जू उतरवायची वेळ

बाबा, बैलांचे पट पुन्हा सुरू झालेत. परवा देवळीहून येताना बसमधून दिसलं. मोकळ्या वावरात मंडप, भोंगा, माणसांची ही गर्दी, आणि धुरळा उडवत निघालेल्या दोन बैलजोड्या. तुम्ही असता तर कंडक्टरशी भांडून बस थांबवली असती. मी नुसती खिडकीतून मान बाहेर काढून धुरकऱ्यांचे चेहरे बघत राहिले. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी गाडीवर वाकून बैल हाकणारा माणूस मला अजून तुम्हीच वाटता.

पट बंद झाले तेव्हा तुम्ही दिवसदिवस गोठ्यात बसून असायचात. आई म्हणायची, "बैलाइपेक्षा यायलेच वनवास झाला." मग एकदा मला शाळेतून पळत येताना पाहिलंत आणि तिला म्हणालात, "पोरीची टाच टेकतच नाई पाह्य." झालं, दुसऱ्या सकाळी मी पांदणीत. तुम्हाला शिकवण्याची एकच रीत ठाऊक होती, बैलांची. पांदणीत गाड्यांच्या चाकांनी पडलेल्या दोन चाकोऱ्या. त्यातल्या एकीत मी पळायचं, दुसरीतून तुम्ही सायकलवर, पटात ओरडायचात तसेच ओरडत. परत आलं की पायाला कोमट तेल-हळद. खायला भिजवलेले हरभरे आणि गूळ. बैलांची सरकीची ढेपही चारली असती तुम्ही, आईनं नाही चारू दिली.

वर्ध्याच्या मैदानावरची ती पहिली आठशे मीटर आठवते? मला सगळ्यात बाहेरची पट्टी मिळाली होती. पहिलं वळण संपलं की सगळ्यांनी आतल्या पट्टीत यायचं असतं, तिथं अंतर कमी पडतं. हे आपल्याला कोण सांगणार? पटात दुसऱ्याच्या पट्टीत चाक गेलं की जोडी बाद, एवढंच आपल्याला माहीत. सगळ्या पोरी आत गेल्या आणि मी दोन्ही चकरा बाहेरूनच मारल्या. लोक हसतायत, ओरडतायत, मला वाटतंय माझंच कौतुक चाललंय. तुम्ही तर कठड्यावर चढून शेजारच्यांना सांगताय, "पाह्य, थ्या साऱ्या बाद. आपली पोरगी चाकोरीतून हालली नाई!" नंतर कळलं तेव्हा तुमचा चेहरा एवढासा झाला. दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अंगणात चुन्यानं मैदान आखलेलं, आणि तुम्ही खेळाच्या सरांना चहा पाजून, कुठून आत जायचं ते त्यांच्यासमोर स्वतः पळून दाखवताय. धोतर खोचून. मी पोट धरून हसले होते.

मी क्रीडा वसतिगृहात निघाले तेव्हा तांबड्या बैलाची आरशांची झूल तुम्ही आईकडून कापून घेतलीत आणि तिची बुटांसाठी पिशवी शिवून घेतलीत. पोरी म्हणायच्या, "आला वर्ध्याचा बैल!" मीही मान हलवून दाखवायचे. ती पिशवी कुठंकुठं फिरली, बाबा. थंडीनं बोटं वळायची नाहीत अशा डोंगरातल्या शिबिरांत, विमानात, परदेशात. खेळावर नोकरी लागली, सिंदी मेघेला घर झालं, आई आता माझ्याजवळ असते. देशपातळीवर एक रौप्य आलं. बाकी बहुतेक वेळा चौथी. चौथ्याला कोणी विचारत नाही, पण त्या चौथ्यासाठीही जीव तितकाच काढावा लागतो, हे तुमच्याशिवाय कोणाला पटलं असतं?

आता टाच गेली आहे. तुम्हाला टेकताना न दिसलेली तीच टाच. डॉक्टर म्हणतात, आणखी एक हंगाम पळालात तर शीर तुटेल, मग साधं चालणंही अवघड. नव्या शिबिराला येणार की नाही, ते उद्या कळवायचं आहे. प्रशिक्षक म्हणतात, तुझं तू ठरव. ऑफिसात म्हणतात, तुमचं तुम्ही ठरवा. आईला विचारलं तर ती भाजी निवडत म्हणाली, "मले नको इचारू, बाई. तुह्या पायाचं तुह्या बापाले समजत होतं."

म्हणून तांबड्याचा तो शेवटचा पट आठवून राहिला आहे. जोडी शेवटच्या फेरीत पोचली होती. भोंग्यावर तुमचं नाव चाललंय, आणि तुम्ही त्याच्या खांद्यावरून हात फिरवलात आणि जू उतरवलंत. लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी रडून गोंधळ घातला. "जितत होता ना थो? मंग काऊन सोडला?"

तुम्ही त्याच्या तोंडावरचा फेस पुसत होता. "बैल कधी बस म्हणत नाई, बाई. थो पडेपर्यंत धावते. बस म्हणाचं काम धुरकऱ्याचं."

बाबा, माझा धुरकरी तुम्ही होता. तुम्ही असे मधेच गेलात, आणि हे काम कोणाकडे सोपवलंच नाहीत. याचा मला राग येतो, आज फारच येतो.

मघाशी आई शेजारी गेली होती. दार लावून घेतलं आणि तुमच्यासारखं मोठ्यानं म्हणून पाहिलं, "बस झालं, बाई." आवाज तुमचा आला नाही, माझाच आला. मग तेल कोमट केलं, हळद घातली आणि टाचेला चोळत बसले. शिबिराला येणार नाही, असं उद्या कळवते आहे.

हा कागद कुठं पाठवायचा? झुलीच्या पिशवीत, बुटांखाली घालून ठेवते. आईला सांगणार नाही, प्रशिक्षकांनाही नाही, पण तुम्हाला म्हणून सांगते. मला अजून पळायचंय.